सुभेदार पहाटे गप्प झाला त्याची हकीकत

यशवंतपूर, बेंगळूर
डिसेंबर १९९६, रविवार

तीर्थस्वरूप कृष्णाक्कास,

धाकट्या भगवंताचा, गुडघे कुरकुरत असतानाही खाली वाकून केलेला नमस्कार पोचावा. तब्येत कशी आहे? रक्तदाबाच्या गोळ्या पोटात घेतेस ना, की अजून देवघरातल्या डबीत ठेवून नुसत्या देवाला दाखवतेस? भाऊजींचा खोकला थांबला का? निपाणीला यंदा थंडी फार आहे असं कोणीसं म्हणत होतं (कोण ते सांगत नाही, हल्ली मी कोणाचं नाव कोणाला सांगत नाही). इकडे माणसं ठीक आहेत, कोंबड्याही ठीक आहेत. बिघडलंय एवढंच, की माझा कोणावर विश्वास उरलेला नाही. त्यात तूही आलीस, पण ते त्याच्या जागी येईल. हे पत्र भाऊजींच्या समोर बसून वाच. वाचताना तुझा चेहरा कुठे कुठे बदलतो ते त्यांनी मला कळवावं.

विषय सुभेदाराचा आहे. दिवाळीत तू इथे होतीस तेव्हा माझा हा तांबडा कोंबडा तू बघितलास, आणि "तुरा छान आहे हो" असं म्हणालीसही. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

मला कोंबड्यांचं वेड आहे असं आपल्या घरात सगळे म्हणत आले. वेड नव्हे, हा अभ्यास आहे. चौथीत असताना मी काखेत अंडं धरून शाळेत जात होतो, हे तुला आठवत असेल. माणसाच्या अंगातही ऊब असते, मग पिल्लू का निघू नये, असा माझा साधा प्रश्न होता. गुरुजींनी राजधानी विचारली, मला ती येत होती, पण हात वर करता येत नव्हता, म्हणून मार खाल्ला. मार खातानाही काख मिटलेली ठेवली. (अंडं फुटलं ते नंतर, तू गुदगुल्या केल्यास तेव्हा.) माझ्या लग्नाच्या मुहूर्ताला मी सापडत नव्हतो, कारण त्याच घटकेला खुडूक बसलेल्या कोंबडीखाली पहिलं पिल्लू टोच मारत होतं, आणि पंचांग बघून मुहूर्त काढणाऱ्या भटजींनी त्या कोंबडीला विचारलं नव्हतं. सकवार ते अजून विसरलेली नाही. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो तेव्हा न्हाणीघरात कोंबड्या होत्या आणि आम्ही अंघोळी शेजाऱ्यांकडे करायचो. आपले पूर्वज शहाजीराजांबरोबर घोडे घेऊन या मुलखात उतरले असं अप्पा छाती काढून सांगायचे. माझा असा कयास आहे, की घोड्यांच्या मागे एखादी बैलगाडी असणार, आणि त्या गाडीत एखादं डालगं असणारच. मी त्या गाडीच्या वंशातला.

निवृत्त झाल्यावर मार्केट यार्डाच्या मागे हे घर घेतलं तेही परस बघून. यार्डात धान्य उतरतं, सांडतं, झाडून गोळा होतं. कोंबडीवाल्या माणसाला याहून पुण्यक्षेत्र दुसरं नाही. शेजारी बिंदुमाधव. विजापूरकडचे, रेल्वेत तारमास्तर होते, घरात कांदासुद्धा जपून चिरतात. त्यांचं नि माझं कसं जमावं, पण जमलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघं स्टेशनवर जातो, फलाटाच्या टोकाला बाकावर बसून कॉफी पितो, आणि कुठली गाडी उशिरा का आली याची ते मला कारणं सांगतात. त्यांच्या पत्नीचं, कावेरीबाईंचं, दिवाळीच्या आधी मणक्याचं ऑपरेशन झालं. आम्ही दोघं जाऊन बघून आलो होतो. बिचाऱ्या बिछान्यावर पडून असतात, कूस बदलायची तर दुसऱ्याचा हात लागतो.

आता मुद्द्यावर येतो. तू निपाणीला परत गेलीस आणि त्याच आठवड्यात एका सकाळी मी जागा झालो तो थेट तोंडावर ऊन आल्यावर. अक्का, माझ्या खोलीत घड्याळाचा गजर कधी वाजलेला नाही. सुभेदार पहाटे बांग देतो, मी उठतो, मी उठलो की घर उठतं. त्या दिवशी घर आधीच उठलेलं होतं, दूध आलेलं होतं, आणि सकवार मला न मागता कॉफीचा दुसरा पेला देत होती. इतक्या वर्षांच्या संसारात दुसरा पेला मागूनही मिळालेला नाही. मी तिथेच सावध झालो. परसात गेलो, तर सुभेदार माद्यांच्या घोळक्यात ऐटीत दाणे टिपत होता, आणि मला बघून चांगला खणखणीत आरवला. म्हणजे आवाज शाबूत होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दिवसभर आरवायचा, अगदी सरकारी कचेरी उघडल्यासारखा नऊनंतर सुरू व्हायचा, पण पहाटे चकार शब्द नाही.

मी त्याला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. (बसमध्ये कंडक्टरने पिशवीकडे बघून "ऊटा?" म्हणून विचारलं. जेवण का, म्हणे! त्याचा बिल्ला नंबर मी लक्षात ठेवला आहे.) डॉक्टरांनी घसा बघितला, डोळे बघितले, मांडी दाबली. मांडी जरा जास्तच वेळ दाबली असं मला वाटलं. म्हणाले, कोंबडा ठणठणीत आहे, वय झालं की पहाटेची झोप वाढते. मी म्हटलं, माझं वय झालंय, त्याचं नाही. त्यांनी पुढच्या म्हशीला बोलावलं.

मग मी पहारा ठेवायचं ठरवलं. पण यात एक मोठी अडचण होती, ती तुझ्या लक्षात आली असेल: मी उठायचो कोंबड्यामुळे. कोंबडा का आरवत नाही हे बघायला उठायचं, तर मला उठवणार कोण? अभिमन्यूचं गजराचं घड्याळ मागून आणलं. (आपला अभिमन्यू बोम्मसंद्र्याला नोकरी लागल्यापासून "बाबा, परसात एक खोली बांधू" असं अधूनमधून म्हणतो, म्हणून संशयितांच्या यादीत तोही होताच.) ते घड्याळ एकदाही वाजलं नाही. सकवारला विचारलं तर म्हणाली, "मी फक्त धूळ पुसली." घड्याळावर संध्याकाळी धूळ बसते हे मला नवीन होतं, पण मी तिच्यावर संशय घेतला नाही. इथेच चुकलो.

कारण माझा सगळा संशय तोवर बिंदुमाधवांवर जाऊन बसला होता. ऐक, म्हणजे तुलाही पटेल. हा गृहस्थ इतकी वर्षं आमच्या खुराड्याच्या बाजूला तोंड करून उभासुद्धा राहायचा नाही. तो आता रोज दुपारी भिंतीशी येऊन मूठभर जोंधळे सुभेदाराला टाकायला लागला! शिवाय गडी खुशीत. स्टेशनवर बाकावर बसून गुणगुणायचा. एकदा मला म्हणाला, "भगवंतराव, हल्ली पहाटे स्वल्प शांत असतं, नाही का?" आणि हसला. अक्का, ज्या माणसाला रात्रभर मालगाड्यांची धडधड ऐकू येत नाही, त्याला पहाटेची शांतता बरी ऐकू येते! मी ओळखलं. जोंधळ्यात काहीतरी होतं. अफू असेल, झोपेची गोळी कुटून घातली असेल. कावेरीबाईंसाठी घरात औषधांचा डबा होताच. खात्री करावी म्हणून मी ते जोंधळे खुराड्यातून वेचून आणले, धुतले, आणि जेवणानंतर स्वतः चावून खाल्ले. अर्ध्या तासात मला गाढ झोप लागली. (सकवारचं म्हणणं, तुम्हाला जेवणानंतर रोजच लागते. पण त्या दिवशीची झोप वेगळी होती.)

पुरावा हाती आल्यावर मी थांबणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या बूथवर गर्दी असताना मी बिंदुमाधवांना गाठलं. हातात पिशव्या घेऊन अर्धी गल्ली उभी होती. मी मोठ्याने विचारलं, "माझ्या कोंबड्याला रोज काय चारता तुम्ही?"

ते गोंधळले. म्हणाले, "जोंधळे. का हो? सोसत नाहीत का त्याला?"

"जोंधळे आणि आणखी काय? रेल्वेत इतकी वर्षं काढलीत, सिग्नल पाडायची सवय आहे तुम्हाला. पण मुक्या जिवाचा आवाज बंद करताना हात थरथरला नाही?"

बाकी काय बोललो ते लिहीत नाही. तू मोठी आहेस, आणि पत्र भाऊजी ऐकताहेत. कोणीतरी हसलं. बिंदुमाधव हसले नाहीत, चिडलेही नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्यांनी दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "भगवंतराव, तुमच्या कोंबड्याला मी दाणे घातले, तेवढंच केलं. बाकीचं घरी विचारा." आणि निघून गेले. जाताना चप्पल उलटसुलट पडत होती त्यांची, ते मला दिसलं. बघायचं नव्हतं, पण दिसलं.

घरी आलो. सकवार ताक घुसळत होती. मी सगळा पराक्रम सांगितला. रवी थांबली. "बूथवर? सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, मग काय, गुन्हेगाराला खोलीत बोलावून विचारायचं? तिने हात पुसले, मागच्या पडवीत गेली आणि सफरचंदांची एक बुटकी लाकडी पेटी आणून माझ्यापुढे आदळली. पेटीत तांबडी पिसं होती.

"मी ठेवते त्याला यात," ती म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी खुराडं लावून रेडिओपुढे बसलात, की मी त्याला काढते आणि यात घालते. उजाडलं, की तुम्ही उठायच्या आत परत सोडते. मान वर करता आली नाही, की कोंबडा आरवत नाही. एवढा अभ्यास तुमचा, हे माहीत नाही?"

माहीत नव्हतं असं नाही. आपल्या घरात असं कोणी करील हे माहीत नव्हतं. मी विचारलं, का? तर दिवाळीच्या सुमारास बिंदुमाधव भिंतीपाशी येऊन तिला म्हणाले होते, वहिनी, रागावू नका, हिला रात्रभर दुखतं, पहाटे कुठे डोळा लागतो नि नेमका कोंबडा ओरडतो, काही करता येईल का? माझ्याशी बोलायचा त्यांना धीर झाला नाही. सकवारलाही झाला नाही. "तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही कोंबड्याची बाजू घेतली असतीत," ती म्हणाली. मी म्हटलं, कोणीतरी घ्यायला नको का? पण म्हणता म्हणता पेटीतली पिसं वेचायला लागलो. गल्लीसमोर मी ज्या माणसाला विष घालणारा ठरवून आलो, तो माझ्या कोंबड्याला रोज मूठभर जोंधळे घालून मनातल्या मनात माफी मागत होता.

आणि आता तुझी जागा आली, अक्का. मी विचारलं, ही पेटीची विद्या तुला शिकवली कोणी? तर म्हणाली, अप्पा रात्रपाळी करून यायचे तेव्हा सासूबाई असंच करायच्या म्हणे, आणि झाकण धरायला "घरातलंच कोणीतरी" असायचं. म्हणजे माझ्या लहानपणीचा तो काळा कोंबडा, जो अप्पांच्या धाकाने गप्प बसतो असं तुम्ही मला सांगत होतात! सगळ्या घराने मिळून मला फसवलं, आणि दिवाळीत करंज्या लाटता लाटता तू ती विद्या पुढच्या पिढीला देऊन गेलीस. वर तुऱ्याचं कौतुक!

असो. सकवारने मला हाताला धरून शेजारी नेलं. दार बिंदुमाधवांनीच उघडलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत कधी मागितलेली नसल्यामुळे सुरुवात कुठून करतात ते सुचेना, म्हणून म्हटलं, "आज बेंगळूर पॅसेंजर वेळेवर होती का?" ते म्हणाले, "पंधरा मिनिटं लेट." म्हणाले आणि बाजूला झाले. आत कावेरीबाई पलंगावर होत्या. सकवारने त्यांना सगळं सांगितलं: पेटी, जोंधळे, बूथ. त्या ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं दुखायला लागलं.

"अय्यो, म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलात त्याला?" त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "मला झोप लागते असं कोणी सांगितलं तुम्हाला? रात्रभर एका कुशीवर पडून पाठ जळते. तुम्हाला किती वेळा उठवू? तुम्हीही दमता. म्हणून मी ठरवलं होतं, कोंबडा आरवला की उठवायचं. तो आरवला म्हणजे रात्र संपली, आता हाक मारायला हरकत नाही. हल्ली तो आरवेना. मी आपली उजाडेपर्यंत वाट बघत पडते."

बिंदुमाधव पलंगाच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांना वाटत होतं, बायको आता पहाटे हाक मारत नाही म्हणजे झोपते. म्हणून ते खुशीत होते, म्हणून गुणगुणत होते, म्हणून जोंधळे. "तू बोललीच नाहीस," एवढंच ते म्हणाले. "तुम्ही तरी कुठे विचारलंत," त्या म्हणाल्या. सकवार खिडकीबाहेर बघायला लागली. मीही बघायला लागलो. खिडकीबाहेर आमचंच खुराडं होतं.

मी तिथल्या तिथे शब्द दिला. उद्या पहाटे सुभेदार बांग देईल, तुम्ही बेलाशक हाक मारा.

शब्द दिला खरा, पण ज्याच्या वतीने दिला त्याला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकवारने मला पहाटे हलवून उठवलं. बाहेर धुकं होतं, यार्डातले लॉरीवाले शेकोटीभोवती बसले होते. सुभेदार खुराड्यात, पेटीबिटी काही नाही, मान मोकळी, आभाळ मोकळं. आणि हा पठ्ठ्या गप्प! पेटीची सवय लागली होती त्याला. मी त्याला काखेत धरून भिंतीशी नेलं, कावेरीबाईंच्या खिडकीखाली. हनुवटी उचलून धरली. गोंजारलं. शिव्या दिल्या (मराठीत, मग कन्नडात). पूर्वेला फटफटायला लागलं होतं. खिडकीच्या आत पलंग करकरला, आणि एक बारीक कण्हणं ऐकू आलं, तोंडावर पदर धरून दाबल्यासारखं. ती बाई माझ्या शब्दावर वाट बघत पडली होती.

मग मी स्वतःच आरवलो.

अक्का, हसू नकोस. कारखान्यात फोरमन होतो मी, माणसं माझ्यापुढे उभी राहायची. पण त्या घटकेला दुसरं काही सुचलं नाही. मान वर केली, डोळे मिटले आणि दिली बांग. पहिली शेवटाला फाटली. लॉरीवाले उठून उभे राहिले. मी पुन्हा दिली. तेव्हा काखेतल्या सुभेदाराने मान वळवून माझ्याकडे बघितलं, कामावर आलेल्या नव्या पोराकडे मी बघायचो तसं, आणि पंख झाडून असा काही आरवला, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री जागी झाली.

आतून कावेरीबाईंचा आवाज आला. "अहो, उठा. झालं उजाडायला." मग काठी टेकल्याचा आवाज, चपला ओढल्याचा आवाज, बिंदुमाधवांचं "सरी, सरी, आलो." मग थोड्या वेळाने त्या बाईंचं हसू. पाठीला लागत असणार, पण थांबवता येत नव्हतं त्यांना. "पहिला कोण आरवला हो? दुसऱ्याचा चांगला होता." मी भिंतीखाली बसून राहिलो. सुभेदाराने मात्र पुन्हा एकदा दिली, नाव सांगितल्यासारखी.

संध्याकाळी बिंदुमाधव नेहमीप्रमाणे फाटकाशी आले. आम्ही स्टेशनवर गेलो. बूथचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. कॉफी मी घेऊन आलो, त्यांची साखर कमी सांगितली. हुबळीकडची गाडी उशिरा का आली ते त्यांनी मला सांगितलं, आणि मी पहिल्यांदाच नीट ऐकलं.

सर्वांना यथायोग्य. तुझ्या अभिजीतला आशीर्वाद. सकवारचा तुला नमस्कार (ती "अक्कांना काही बोलू नका" म्हणते आहे, यावरूनच तू समजून घे).

तुझा,
भगवंत

ता. क. पेटीचं झाकण तूच धरायचीस ना? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मग मी "हो" समजेन.

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण राहूनच गेलं. अभिजीत संक्रांतीला इकडे येणार आहे असं कळलं. त्याच्याबरोबर तुमच्याकडच्या त्या काळ्या जातीचा एक तरणा कोंबडा आणि दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या, पाठव. सकवारने नवं पाखरू घरात आणायचं नाही असं बजावलं आहे, म्हणून कावेरीबाईंसाठी पाठवल्यासारखं लिही. आजारी बाईला पहाटे आवाज कमी पडतो असं लिहिलंस तर सकवार नाही म्हणणार नाही. कावेरीबाईंना मी अजून विचारलेलं नाही.

ता. क. पत्र टाकायचं आठवडाभर राहून गेलं. आज टाकायला निघालो होतो, तेवढ्यात फाटकाशी बिंदुमाधव भेटले. म्हणाले, हिची पाठ आता पुष्कळ बरी आहे, आपली आपण कूस बदलते, पहाटे चांगली गाढ झोप लागते. एवढं सांगून हसले आणि गेले. हे मला कशासाठी सांगितलं असेल, याचा मी विचार करतो आहे.